बेड नंबर शून्य

कोपरी, ठाणे पूर्व
१७ ऑगस्ट, रविवार

कमलेशदादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून हसू नकोस. आपल्या घरात पोस्टाने शेवटचं काय आलेलं तर विजेच्या मीटरची नोटीस. पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस आणि माझा स्मार्टफोन सुमती मावशीच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "स्पीड पोस्ट करायचंय का?" मी म्हटलं, साधंच द्या, ज्याला पाठवतेय त्याला वाचायची काही घाई नाही.

तर बातमी अशी की मी जूनपासून मावशीकडे राहते आणि मेडिकलची नीट परीक्षा परत देतेय. मेच्या पहिल्या रविवारी पेपर आहे. या वेळी माझं होणार आहे, आणि साधंसुधं नाही, सरकारी कॉलेजात होणार आहे.

गेल्या वर्षीही मी असंच म्हणायचे, हे तुझ्या मनात आलं असणार. फरक सांगते. गेल्या वर्षी मी अभ्यास संपवत होते. पंगतीत वाढपी पोरं कशी पुढे पुढे पळतात, तशी मी धड्यांवरून पळाले. मागे कुणाच्या पानात काय पडलं ते बघायला परत फिरलेच नाही. यंदा मी पुढे कमी आणि मागे जास्त जाते. आज केलेला धडा उद्या परत, मग आठव्या दिवशी, मग एकविसाव्या, मग दर महिन्याला. आणि वाचायचा नाही, तोंडाने सांगायचा.

ही युक्ती मावशीची. तिची बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. वॉर्डात पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडपाशी उभी राहून पेशंटची माहिती तोंडी देते. याला ती चार्ज देणं म्हणते. समोरचीला नीट कळल्याशिवाय जाणारीने घरी जायचं नाही. आता मावशी रिटायर झाली, पण चार्ज घ्यायची सवय सुटत नाही, आणि मी तिच्या आयतीच तावडीत सापडले. रोज संध्याकाळी सहाला ती भाजी निवडायला बसते आणि मी समोर उभी, वही बंद करून. "हां, बेड नंबर अकरा?" म्हणजे अकरावा धडा. मी सांगायला लागते.

बायोलॉजी तिला कळतं, केमिस्ट्री औषधांपुरती, आणि फिजिक्सच्या वॉर्डात तिची ड्युटी कधी लागलेलीच नाही. पण मी कुठे अडखळले हे तिला फिजिक्समध्येसुद्धा बरोब्बर कळतं. "म्हणजे ते असतं ना, ते..." असं मी म्हटलं की ती विळीवरून हात काढते. "पेशंट गेला," म्हणते. "उद्या परत."

पहिल्याच दिवशी तिने वॉर्डात असतं तसं एक रजिस्टर आखलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘बेड नंबर शून्य. गेल्या वर्षीचा पेपर का गेला?’ आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, घरात लग्न होतं. तिने वाचलं आणि पान उलटलं. आता हा बेडही बाकीच्या धड्यांसारखा फेरीत येतो.

मी तुला दोष देत नाहीये हं. पण तुझं लग्न आणि माझा पेपर एकाच दिवशी होते, हे तर खरंच आहे. आदल्या दिवशी तुझी हळद, दारात डीजे, घरात दीडशे माणसं आणि मी एकटी करवली. दुपारी दोन ते पाच पेपर आणि सातला नटूनथटून तुझ्यामागे उभी. कोणाचाही गेला असता.

गोदा आत्या बोलली ते मात्र चुकीचंच होतं. "सून घरात आली न् पोरीचा पेपर गेला, हिचा पायगुन नाय चांगला," हे सोनल वहिनीच्या तोंडावर बोलायचं काही कारण नव्हतं. आणि एकदा बोलून थांबली असती तरी चाललं असतं. दूध नासलं, वहिनीचा पायगुण. पप्पांची गाडी ठोकली, वहिनीचा पायगुण. त्यात वहिनी आपल्यातली नाही, म्हणून आत्याला आणखी जोर. मला कळतं तू का चिडलास. पण त्यावरून घर सोडून कल्याणला गॅरेजच्या जवळ भाड्याने राहायला जायचं? आत्याचं तोंड आपल्याला काय आजच कळलंय?

आई अजून रोज तुमची खोली झाडते. गणपतीला या. दोघंही या.

तुझी,
जागृती


कोपरी
१२ ऑक्टोबर, रविवार

दादा,

आला नाहीत. आईने पाच दिवस तुझ्या वाटचं पान काढून ठेवलं आणि पाचही दिवस ते कुंडलिक काकाने खाल्लं. त्याचं वजन वाढलंय, त्याला जबाबदार तू.

तू उत्तर देत नाहीस तरी मी लिहिणार आहे. तुला सवय व्हायला हवी. माझे मार्क ऐक. ऑगस्टमधल्या टेस्टला सातशे वीसपैकी चारशे एक आलेले, कालच्या टेस्टला चारशे शहात्तर. पाच-सहा धडे असे आहेत की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गंमत म्हणजे अभ्यासाचे तास गेल्या वर्षीपेक्षा कमीच आहेत. दुपारी तासभर झोपतेसुद्धा. आधी एखादा धडा पुन्हा उघडायचा म्हटलं की मी दुसरंच पुस्तक काढायचे, कारण काहीच आठवणार नाही हे माहीत असायचं. आता उघडायच्या आधीच अर्धा आठवतो. हे सुख मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दहावीपासून असाच अभ्यास केला असता.

मावशीने रजिस्टरात आणखी एक रकाना आखलाय. टेस्टमध्ये चुकलेला प्रश्न लिहायचा आणि पुढे, का चुकला. मूत्रपिंडावरचा एक प्रश्न माझा तीनदा चुकला आणि तिन्ही वेळा मी लिहिलं, घाई. मावशीने शांतपणे विचारलं, "पेपर संपला तेव्हा किती वेळ उरलेला?" चौदा मिनिटं उरलेली. मग घाई कसली? मला तो भाग कळलेलाच नव्हता आणि तसं लिहायची लाज वाटत होती. मावशी म्हणाली, "वॉर्डात चूक झाली की आधी लिहायची आणि खरं कारण लिहायचं. गर्दी होती, लाइट गेली होती, असलं लिहिलंस की ती चूक परत होणार. आणि तिथे मार्क जात नाहीत जागृती, माणूस जातो." दुसऱ्या दिवशी मी तो भाग मुळापासून केला. आता तो प्रश्न मला आंदण दिल्यासारखा वाटतो.

परवा बेड नंबर शून्यची पाळी आली. मी म्हटलं, घरात लग्न होतं.

"किती दिवस होतं लग्न?"

"हळद धरून दोन."

"आणि अभ्यासाचे दिवस किती होते?"

मी पटकन केमिस्ट्री काढली.

आता तू विचारणार नाहीस, पण मीच सांगते. लग्नाच्या आधीचे तीन महिने मी मागचा एकही धडा परत उघडला नव्हता. म्हणजे लग्न नसतं तरी थोडं जडच गेलं असतं. थोडं.

वहिनीला सांग, तिने लग्नात दिलेला हिरवा ड्रेस मी टेस्टच्या दिवशी घालते आणि मार्क वाढतात. पायगुणच म्हणायचा असेल तर तो हा.

जागृती


कोपरी
२८ डिसेंबर, रविवार

दादा,

वहिनीचं कार्ड आलं. चारच वाक्यं. "पत्रं पोचतात. कमलेश वाचतो. काही बोलत नाही. अभ्यास कर." मी ते रजिस्टरला चिकटवून ठेवलंय.

आणि आईने काल मावशीच्या फोनवर दुसरी बातमी दिली. मी आत्या होणार! फोन ठेवल्यावर मी आणि मावशी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचलो. मावशीने लगेच हिशेब केला, तिसरा महिना चालू आहे, म्हणजे जुलै. मी तिला गर्भाच्या वाढीचा अख्खा धडा न विचारता म्हणून दाखवला आणि एकदाही अडखळले नाही. त्या धड्याचा पेशंट आता घरचाच आहे म्हटल्यावर अडखळून चालेल का?

आईने आणखीही सांगितलं. वहिनी डॉक्टरकडे एकटी जाते, तू गॅरेजमध्ये असतोस. सासर असून तिच्याबरोबर जायला कुणी नाही. हे सांगताना आई रडली. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाहीये.

तेव्हा एक मोठी गोष्ट सांगते. हे फक्त तुला. गेल्या वर्षी क्लासच्या टेस्टचे मार्क घरी कधी पोचलेच नाहीत. क्लासच्या फॉर्मवर पप्पांच्या नंबरच्या जागी मी माझाच दुसरा नंबर टाकलेला. मेसेज मला यायचा, तीनशे वीस, तीनशे अडतीस. पप्पांना मी सहाशे सांगायचे. पहिल्यांदा सहाशे तोंडातून निघून गेलं, मग खाली येता येईना. पप्पांनी त्या सहाशेच्या जोरावर माझ्या वाढदिवसाला नाक्यावर केवढा बॅनर लावलेला, आठवतं? ‘भावी डॉक्टर जागृतीताई’. शुभेच्छुक म्हणून बेचाळीस जणांचे फोटो. त्याच्याखालून रोज क्लासला जाताना मी मान खाली घालायचे आणि लोकांना वाटायचं, पोरगी किती साधी आहे.

खऱ्या पेपरात किती आले ते तुला माहीतच आहे. तीनशे चव्वेचाळीस. टेस्टला यायचे तेवढेच. लग्नाने त्यातला एक मार्कही कमी केला नव्हता.

पप्पांना हे आत्ता कळता कामा नये. पोरीची चूक नव्हती, घरच्या कार्याने घोळ झाला, एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांनी मला हे दुसरं वर्ष दिलंय. त्यांना फसवलेलं चालत नाही, तुला माहीत आहे. कळलं तर दुसऱ्या दिवशी मला बीएस्सीला टाकतील आणि तिसऱ्या दिवशी स्थळं बघायला लागतील. आणि दादा, आता कुठे मला अभ्यास करता यायला लागलाय. पाचशे बारा आले मागच्या आठवड्यात. हे वर्ष हातचं जायला नको.

पेपर झाला की सांगेन. मेमध्ये. नक्की.

जागृती


कोपरी
१५ मार्च, रविवार

दादा,

मार्क आधी सांगते, कारण बाकीचं लिहायला जड आहे. पाचशे एकसष्ट. सगळे धडे एकेका महिन्याच्या फेरीत आले आहेत. आता पेपरात काहीही विचारलं तरी मला भीती वाटत नाही, राग येतो, की एवढंच का विचारलं.

मागच्या रविवारी मी घरी गेलेले. शीळफाट्याला उतरले तर पप्पा स्वतः गाडी घेऊन उभे. गेल्यावर बघितलं तर माझ्यासाठी वेगळी खोली, खिडकीला नवा पडदा, टीव्ही बंद. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. आजारी मीच आहे असं वाटायला लागलं.

जेवताना आईने विषय काढला. एप्रिलमध्ये वहिनीला सातवा लागेल, ओटी घरी भरूया, कमलेशला बोलवा. गोदा आत्याने हातातला घास खाली ठेवला. "पेपर झाल्याबिगर तिचा पाय घरात नको. एक वरीस गेला पोरीचा, दुसरा पन घालवायचाय का?"

आई म्हणाली, "मे लागला की आठवा लागेल. आठव्यात ओटी भरत नाय."

"नाय तर नाय," आत्या म्हणाली. "पोर पह्यली डॉक्टर होऊं दे."

सगळ्यांनी पप्पांकडे बघितलं आणि पप्पांनी माझ्याकडे. "मेनंतर बघू," ते म्हणाले.

दादा, ते माझ्या पेपरला वहिनीपासून वाचवत होते. पहिलटकरीण पोरीची ओटी माझ्यासाठी राहून जाणार होती. आणि मी भाकरी खात होते. खातच राहिले.

परत आले तर संध्याकाळी नेमकी बेड नंबर शून्यची पाळी. मावशीने शेंगा सोलता सोलता विचारलं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की तोंडपाठ आहे. बाकीचे धडे परत परत सांगून पक्के झाले, पण हा दर वेळी जास्त अडतो. या वेळी ‘घरात’ एवढंच निघालं. मग मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुलाही आता सांगते, कारण याच्यापुढे लपवायला माझ्याकडे काही उरणार नाही.

परीक्षेची तारीख जाहीर झाली त्या दिवशी तू गॅरेजमधून सरळ माझ्या खोलीत आलेलास. हाताला ग्रीस तसंच. म्हणालास, "जागू, सेम डेट आहे गं. हॉलवाल्याशी बोललोय, पुढच्या आठवड्यातली मिळतेय. बदलू का?" मी म्हणाले, "नको रे दादा, माझं सगळं झालंय." तू गावभर सांगत सुटलास की माझी बहीण किती मोठ्या मनाची आहे.

मला ती तारीख हवी होती, दादा. सीट मिळणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पेपर गेला की लोक विचारणार, का गेला? तेव्हा द्यायला काहीतरी हवं होतं. तुझं लग्न मी त्याच्यासाठी वापरलं. आणि निकालाच्या दिवशी आत्याच्या गळ्यात पडून पहिली मीच रडले, "लग्न नसतं तर झालं असतं." पायगुण हा शब्द तिचा, पण तो तिच्या तोंडात मी घातला. तिने वहिनीला बोलायला सुरुवात केली तेव्हा मी दाराआड उभी होते. मला बरं वाटलेलं. माझीच मला लाज वाटते हे लिहिताना, पण बरं वाटलेलं हे खरं आहे.

मावशीने खाली बघून उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मला वाटलं आता हीसुद्धा गेली. मग तिने रजिस्टर ओढलं, जुनं उत्तर खोडलं आणि मला नवीन लिहायला लावलं. लिहून झाल्यावर म्हणाली, "चार्ज मला देऊन भागणार नाही. ज्याला द्यायचा त्याला दे."

पुढच्या रविवारी पप्पांना सांगणार आहे. पेपर व्हायच्या आधी. वर्ष थांबवलं त्यांनी तर थांबवोत. डोक्यात गेलेलं तर कुणी काढून घेऊ शकत नाही, कधी ना कधी मी परीक्षा देईनच. वहिनीचा सातवा महिना मात्र परत येणार नाही.

जागृती


कोपरी
२२ मार्च, रविवार

दादा,

सांगितलं.

पप्पा आपल्या विटा-रेतीच्या धंद्याच्या ऑफिसात एकटेच होते. मी गेल्या वर्षीच्या टेस्टचे सगळे मेसेज कागदावर उतरवून नेलेले, तारीख आणि मार्क. उभ्यानेच सांगायला लागले, कारण मला आता उभ्यानेच सांगायची सवय झालीय. फॉर्मवरचा नंबर, सहाशेचं खोटं, तू तारीख बदलायला तयार होतास ते, सगळं. कुठेही अडखळले नाही.

पप्पांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्या पोरीनं काय केलंवतं?"

मी म्हटलं, "काही नाही पप्पा."

"काहीच नाय?"

"काहीच नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. मी त्यांना एवढं म्हातारं कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "न् यंदा?"

मी दुसरा कागद काढला. या वर्षीच्या एकोणीस टेस्ट, त्यातल्या तीन वाईट गेलेल्या धरून. चारशे एकपासून पाचशे एकसष्टपर्यंत. म्हटलं, मावशीला फोन लावून विचारा, क्लासला लावा, आता फॉर्मवर तुमचाच नंबर आहे. यंदा माझं होणार आहे. आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी पुढच्या वर्षी देईन, त्याच्या पुढच्या वर्षी देईन, पण होणार आहे. माझा आवाज जरा चढलाच. पप्पांच्या समोर मी पहिल्यांदाच आवाज चढवला असेन, आणि तोसुद्धा माफी मागायला गेलेली असताना.

त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात ठेवले. "मावशीकरं जा. अभ्यास कर. बाकीचा मी बघतो." मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. दादा, ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

मी दारातून बाहेर पडले तेव्हा ते कुणाला तरी फोनवर विचारत होते, कल्याणला कमलेशच्या गॅरेजचा रस्ता कुठून आहे. मुलाचं गॅरेज कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. हे पत्र पोचायच्या आधी बहुतेक तेच पोचतील. तू त्यांना उन्हात उभं करू नकोस.

माझ्यासाठी काही मागत नाही.

जागृती


कोपरी
१३ एप्रिल, सोमवार

दादा,

काल तू आलास, जेवलास आणि गेलास. आपल्याला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. तू बराच वेळ बाहेर ओट्यावर होतास, तेव्हा आत काय झालं ते तुला माझ्याकडून कळावं.

वहिनी हिरव्या साडीत पाटावर बसली. काय सुंदर दिसत होती! गावातल्या सगळ्या बायका जमलेल्या. आईने ओटी भरली, मावशीने भरली, शेजारच्या विमलाबाईंनी भरली. गोदा आत्या कोपऱ्यात पाय पसरून बसून होती, हलायला तयार नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पप्पांनी कारण कुणालाच सांगितलेलं नाही. ओटी होणार, एवढा हुकूम सोडला आणि माझ्यावर पांघरूण घातलं. म्हणजे बायकांच्या मनात वहिनी अजून तीच होती, पोरीचा पेपर घालवणारी. त्यातून तीन आठवड्यांवर माझा पेपर, म्हणून दोघीतिघी तर तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या.

मी ओटी भरायला वाकले तेव्हा वहिनीने हळूच विचारलं, "जागृती, आता बाळाला ऐकू येत असेल का गं?"

मी म्हटलं, "हो वहिनी. सातव्यात छान ऐकू येतं. आवाज ओळखतं."

"मग बोल ना त्याच्याशी. आत्या आहेस तू."

तिने हे अगदी साधेपणाने म्हटलं. वर्षभर जे सोसलं त्यातलं काही तिच्या आवाजात नव्हतं. मी पाटासमोर गुडघ्यांवर बसले आणि जरा मोठ्यानेच बोलले.

"बाळा, मी जागृती, तुझी आत्या. तुझ्या आईचा पायगुण वाईट असं या घरात वर्षभर बोललं गेलं. ते खोटं आहे. मी अभ्यास केला नव्हता आणि घरच्यांपासून लपवलं. पेपर माझ्यामुळे गेला. तुझ्या आईचा त्यात काही संबंध नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

पुढचं तू अर्धंच बघितलंस. तू काय झालं काय झालं करत चपलांसकट आत आलास. तू आत आलास तेव्हा गोदा आत्या वहिनीपुढे उभी होती ना, ती माझं बोलणं संपेपर्यंत कोपऱ्यातच होती. गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सुपातला नारळ आणि खण उचलला आणि वहिनीपुढे आली. ओटीत घालताना निम्मे तांदूळ खाली सांडले. "माज्या तोंडाला आग लागो गो," म्हणाली. वहिनी तिच्या पाया पडायला वाकली तर आत्याच ओरडली, "वाकू नको, सातवा हाय!" तो ओरडा तू ऐकलास आणि तुला वाटलं, झालं, परत सुरू. म्हणून तू तसा धावलास. तर ते तसं नव्हतं.

विमलाबाई जाताना माझ्याकडे न बघता गेल्या. गावात आता दोन-चार महिने मी विषयाला पुरेन. पुरू दे. माझे शनिवारी पाचशे शहाण्णव आलेत आणि वीस दिवस हातात आहेत. सगळे धडे शेवटच्या फेरीत आहेत. सीट मिळणार, मला त्याची शंका नाही. बेड नंबर शून्य मावशीने फेरीतून काढून टाकला.

तू मला लगेच माफ करावंस असं मी म्हणत नाही. काल निघताना वहिनीला गाडीत बसवून तू परत ओट्यापर्यंत आलास आणि मला विचारलंस, "जेवलीस का?" दहा महिन्यांत तू माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी हो म्हणाले.

खोटं बोलले, दादा. सकाळपासून घशाखाली घास उतरला नव्हता. तू विचारल्यावर मात्र अशी भूक लागली की तुमची गाडी वळल्याबरोबर मी आत जाऊन पंगतीत बसले आणि दोनदा भात घेतला.

जागू